इंजिनावरचा बर्फ

मी एकदा लडाखचा बर्फ साखरेचा केला.

आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, सुनेने तिच्या माहेरी सांगून झालं आहे, आणि मुंग्यांना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मी देवळाली प्रवऱ्याच्या उसाच्या पट्ट्यात वाढलेली बाई. मुंगी किती लांबून वास काढते आणि कुठल्या फटीतून येते, हे मला बोलता यायच्या आधीच कळलं असेल. तरीही साठीला टेकलेली असताना मी वाटीभर पिठीसाखर चहाच्या गाळणीतून एका रणगाड्यावर भुरभुरवली आणि मागे सरून स्वतःवर खूश झाले. त्या दिवशीच्या मला समोर बसवून विचारावंसं वाटतं, की बाई, डोक्यात काय चाललं होतं? काही चाललं नव्हतं. बर्फ चकाकला पाहिजे, एवढंच होतं.

रणगाडा अर्थात खरा नव्हता. प्लास्टिकचा होता, जेवणाच्या ताटात मावेल एवढा. खऱ्याचं आम्हा नगरकरांना काही कौतुक नाही. लष्कराच्या हद्दीत सराव सुरू झाला की आमच्या भिंगारच्या घरात मांडणीवरचे पेले किणकिणतात आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो. शिवाय आमचे हे स्वतः रणगाड्यावर ड्रायव्हर होते. त्यामुळे रणगाडा या घरात सासूसारखा, समोर नसला तरी असायचाच.

प्लास्टिकचा रणगाडा लेकीने पुण्याहून आणला होता. मोठा खोका, वर चित्र, आत चौकटींना चिकटलेले बारीक बारीक तुकडे. "बाबा, तुमचाच आहे बघा, तुम्ही चालवायचात तोच," असं म्हणून तिने तो ह्यांच्या मांडीवर ठेवला. हे चष्मा लावून, जिभेचं टोक दातात धरून कामाला लागले. चाकं झाली, साखळीपट्टे झाले, तोफेची नळी बसली. आणि मग ह्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर कमी व्हायची, जायची नाही. कपातला चहा बशीत यायला लागला. एक दिवस ह्यांनी खोका बंद करून कपाटावर ठेवला, आणि त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही.

तो परत खाली आला तो पुणतांब्याहून आलेल्या एका फोनमुळे.

ह्यांच्या रणगाड्यात तिघंजण असायचे. पुढे खाली ड्रायव्हर म्हणजे हे, वर तोफेपाशी गनर, आणि त्याच्या शेजारी कमांडर. कमांडर जाऊन बरीच वर्षं झाली. गनर पुणतांब्याचा, फौजेतून आल्यावर गोदावरीकाठी पेरूची बाग करून राहिला होता. पुणतांबा काही विलायतेत नाही, सकाळची एसटी धरली तर माणूस जेवायला घरी परत येतो. पण इतक्या वर्षांत ना तो आमच्याकडे आला, ना हे तिकडे गेले. मी विचारलं की हे म्हणायचे, "त्याच्या मागे पेरू असतात."

"पेरू काय बारा महिने असतात?"

"असतात."

विषय संपला. मीही कधी पुढे विचारलं नाही. मला वाटायचं, पुरुषांची मैत्री अशीच वाळत असेल, ओल्या वाळवणासारखी, कुणी बघत नसताना.

तर फोन त्याचा होता. तो सोमवारी नगरला फौजींच्या दवाखान्यात डोळे दाखवायला येणार होता, आणि जमलं तर घरी टेकणार होता. फोन ठेवल्यावर हे तसेच उभे राहिले. मग स्टूल ओढलं आणि कपाटाकडे निघाले. मी धावत जाऊन स्टूल धरलं आणि ह्यांना खाली उतरवून स्वतः चढले.

"हा पुरा करायचा," खोका हातात आल्यावर हे म्हणाले. "त्याला द्यायचाय. बर्फातला. लडाखला होतो तेव्हाचा."

"करणार कोण?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी? मला रांगोळीपलीकडे काही येत नाही."

"रांगोळीला हात थांबलेला लागतो. मला तेवढाच हवाय. बाकीचं मी सांगतो."

बाकीचं सांगतो म्हणजे ओरडतो, हे मला अर्ध्या तासात कळलं. मी हिरवा रंग दिला तो जाड झाला. पातळ केला तर ओघळला. वाळल्यावर मी तो मऊ फडक्याने असा चमकवला की त्यात तोंड दिसावं. हे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "छान. आता मळव."

मळवणं हा शब्द माझा. हे करणारी माणसं त्याला वेदरिंग म्हणतात. नवीन दिसणारा रणगाडा खोटा दिसतो म्हणून त्याला गंज, चिखल, काजळी, ओरखडे द्यायचे. आता माझा जन्म गेला मळ काढण्यात. नवी नवरी असताना मी ह्यांची फौजेतली डांगरी, म्हणजे तो अंगभर घालायचा तेलकट पोशाख, रॉकेलात भिजवून, सोड्यात उकळून, धोपटून धोपटून अशी स्वच्छ केली होती की तिची खाकी जाऊन ती पांढरट झाली. हे ती घालून कामावर गेले तेव्हा लोकांनी विचारलं म्हणे, दवाखान्यात बदली झाली का. आणि मी त्या दिवशी शेजारणीला अभिमानाने सांगत होते, की डाग राहू दिला नाही. अशा बाईला रणगाडा मळवायला बसवला.

पण सांगते, मजा आली. बंबातली राख घेतली. जुन्या तव्याचा गंज खरवडून त्याची पूड केली आणि ती चाकांच्या कडांना बोटाने चोळली. निरांजनाची काजळी पळीवर धरून सायलेन्सरच्या तोंडाला लावली. माती मात्र पसंत पडेना. कुंडीतली काळी माती बघून ह्यांनी तोंड फिरवलं. "तिकडची फिकी असते. पाथर्डी रोडला कडेने असते ना, तशी." सून रोज त्याच रस्त्याने कामाला जाते. मी तिच्या स्कूटीपाशी चमचा आणि वाटी घेऊन बसले.

"आई, गाडी पुसताय?" ती दारातून म्हणाली.

"पुसत नाही गं, खरवडतेय. मडगार्डची तेवढी हवीय."

"पुढच्या आठवड्यात पाऊस लागला तर चिखलपण आणून देते," ती म्हणाली आणि आत गेली. पोरगी हजरजबाबी आहे. माझ्या पसंतीची आहे, म्हणूनच.

आणि मग बर्फ राहिला.

मी बर्फ कधी पाहिलेला नाही. फ्रीजमध्ये साचतो तेवढाच. पहिल्यांदा कापूस लावला, गणपतीपुढे कैलास करतो तसा. हे म्हणाले, "रणगाडा आहे की रजई?" कापूस काढला. मीठ लावलं, तर पावसाळी हवेने त्याला पाणी सुटलं आणि गंज खरोखरचा वाटायला लागला, तोही नको तिथे. खायचा सोडा पांढऱ्या गोंदात कालवला, तर तो दुसऱ्या दिवशी पिवळट पडला. हे येरझाऱ्या घालत होते. ह्यांचं चालणंसुद्धा आता जरा घासत असतं, त्यामुळे घरभर तो सर्र सर्र आवाज. मधूनच दार उघडून रस्ता बघायचे, जसा काही गनर ठरल्यापेक्षा आधीच येऊन उभा राहणार होता. ह्यांची ती घालमेल मला चढायला लागली. भाजी चिरताना मला बर्फ दिसे, देवपूजा करताना बर्फ दिसे.

रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी साखरेचा डबा काढला. ही साखर माहेरची. भावाचा कारखान्यात शेअर आहे, सभासदांना सवलतीची साखर मिळते, त्यातली थोडी तो दरवर्षी बहिणीकडे पोचती करतो. बारीक, पांढरीशुभ्र, उन्हात धरली तर डोळे दिपतात. निम्मी मिक्सरमधून काढली, निम्मी तशीच ठेवली. रणगाड्यावर ब्रशने गोंद फिरवला आणि गाळणी आपटत गेले. तोफेच्या नळीवर, वरच्या फिरत्या टोपावर, मागच्या अख्ख्या पाठीवर, सायलेन्सरवर, खालच्या पुठ्ठ्यावर. सगळीकडे सारखी. रांगोळी घालणारीला जागा मोकळी राहिलेली खपत नाही. खिडकीतून ऊन आलं तर सगळं लखलखलं. मनात शंका आली नाही असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं, गोंदात बसलेल्या साखरेला मुंगी कशाला येतेय.

हे उठून आले. बघितलं. जवळ येऊन बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, वा.

"पाठीवरचा काढ," हे म्हणाले.

"काय?"

"तिथं इंजिन असतं. इंजिनावरचा बर्फ काढ."

"का? बर्फ काय बघून पडतो?"

"पडतो, पण राहत नाही. इंजिन गरम असलं की वितळतो. काढ तो."

"अहो, पण तोच भाग किती सुरेख—"

"काढ म्हटलं ना."

ह्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता. ह्यांनी तो दुसऱ्या हातात दाबून धरला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला राग आला. इतकं सगळं करून एका बोटभर जागेवरून बोलणी. मी म्हणाले, "पुणतांब्याच्या शेतकऱ्याला काय कळतंय इंजिन गरम का थंड."

"त्यालाच कळेल," हे म्हणाले. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच ह्यांनी सांगितलं, जे लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी सांगितलं नव्हतं.

तिकडच्या थंडीत इंजिन रात्रभर बंद ठेवून चालत नाही. तेल गोठतं, बॅटरी बसते. म्हणून तिघांनी पाळ्या लावून उठायचं, थोडा वेळ इंजिन चालवायचं आणि परत तंबूत शिरायचं. त्या रात्री पहाटेची पाळी ह्यांची होती.

"मग?"

"झोपलो."

मी गाळणी खाली ठेवली.

"उजाडल्यावर बाहेर आलो तर ओळीने उभ्या सगळ्या रणगाड्यांची पाठ काळी, ओली. आमची पांढरी. लांबून दिसत होती. विचारायची गरज नव्हती. इंजिन लागलं नाही, सगळे खोळंबले. साहेब आले, म्हणाले, पाळी कुणाची होती. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, माझी."

"गनर?"

"हो."

"पण का?"

"आमच्या दोघांची रजा मंजूर झालेली. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. आणि मला तार आली होती, मुलगी झाली म्हणून. त्याची रजा कापली. माझी राहिली."

ती रजा मला आठवत होती, चांगलीच आठवत होती. मी माहेरी देवळालीला बाळंतिणीच्या खोलीत, डोक्याला फडकं बांधून, शेगडीच्या शेकाने घामेजलेली. हे आले, पोरीला बघितलं, आणि जवळजवळ सगळी रजा झोपून काढली. उठले की गप्प बसायचे. मी काय केलं असेल? रुसले. कारण शेजारच्या फौजीने बायकोला काश्मिरी शाल आणली होती आणि ह्यांनी आणली नव्हती. आईला, ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, "इतक्या लांबून आले ते झोपायलाच. हात हलवीत." कुणाच्या तरी बहिणीच्या मांडवातून भाऊ उठवून आलेली ती रजा, आणि आमच्या महाराणी शालीसाठी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तेव्हाच्या त्या पोरीचं, म्हणजे माझंच, थोबाड आता माझ्या हाताशी येत नाही, नाहीतर दिलीच असती एक.

"त्याच्याशी कधी बोललात यावर?" मी विचारलं.

"काय बोलायचं? तेव्हाच साहेबांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मग राहत गेलं." हे वळले. "तू फक्त तेवढी पाठ साफ कर. त्याला पांढरी दिसली तर वाटेल, मी मुद्दाम केली. त्याला ती दिसता कामा नये."

मी कामाला बसले. सुरीच्या टोकाने खरवडलं तर रंग निघाला. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून फिरवला, तर साखर विरघळून पाक झाला आणि तो पाक फटींमध्ये उतरला. पुसावं तितकं चिकट. रात्री जेवणात लक्ष नव्हतं. हे दोनदा येऊन बघून गेले. मी शेवटी ओलं फडकं पाठीवर टाकून दिवा मालवला.

सकाळी सुनेची हाक आली. "आई, तुमच्या रणगाड्याला फौज मिळाली."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली रांग भिंतीवरून, टीव्हीच्या वायरवरून, टेबलाच्या पायावरून थेट साखळीपट्ट्यांवर चढत होती. लाल, बारीक. फडकं मी उचललं तर त्याखाली त्यांची जत्रा. ओल्या पाकावर त्या अशा तुटून पडल्या होत्या की मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी करून ठेवलं होतं. इंजिनाची पाठ काळी, ओलसर, स्वच्छ. सायलेन्सरपाशी काजळी उघडी पडलेली. बाकीचा बर्फ कडेकडेने कुरतडलेला, कुठे पातळ, कुठे ढिगाला लागलेला. हे वाकून बघत राहिले.

"वाऱ्याने असाच खाल्लेला असायचा," हे हळूच म्हणाले.

पण मुंग्या थांबायला तयार नव्हत्या. आम्ही टेबलाचे चारही पाय पाणी घातलेल्या वाट्यांत ठेवले, पूर्वी दुधाच्या कपाटाचे ठेवायचे तसे. रांग तुटली. वर अडकलेल्या मुंग्या तोफेच्या नळीवर टोकापर्यंत जाऊन परत फिरत होत्या. मी फुंकर मारून त्यांना उडवत होते, आणि त्यांच्याबरोबर बर्फही उडत होता. हे दर दोन मिनिटांनी, "गेट वाजलं का?" सून ऑफिसला निघता निघता म्हणाली, "बाबा, गेट वाजलं तर ते तुम्हाला सांगूनच वाजेल."

गनर आला तो डोळ्यांवर काळा चष्मा लावून, एका हाताने भिंत चाचपत. खांद्याला पेरूंची पिशवी. दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले होते.

"डायवर कुठं हाय?" दारातूनच विचारलं.

"समोर उभा आहे," हे म्हणाले.

"मला काय दिसंना आज. जवळचं तर पार पुसाट. वहिनी, पेरू घ्या. पाय कुठं ठेवू? हे काय, टेबलाला पानी पाजताय व्हय?"

मी त्याला सोफ्यावर बसवलं आणि माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. इंजिनाची पाठ मुंग्यांनी साफ केलेली, आणि बघणाऱ्याला आज दिसत नाही. आता फक्त द्यायचा, तो मांडीवर घेणार, छान हाय म्हणणार, आणि संध्याकाळच्या गाडीने जाणार. मी ह्यांना डोळ्याने खुणावलं, की द्या.

"तुझ्यासाठी केलाय," हे म्हणाले. "आपला आहे. लडाखचा. हिने केला, मी नुसता ओरडलो."

गनरने पुढे होऊन तो मांडीवर घेतला. तोफेची नळी चाचपली, टोपाच्या झाकणावर बोट ठेवलं. "हितं मी बसायचो," म्हणाला. "आन् ह्यो खाली, भोकात. उंदरासारखा."

आम्ही हसलो. हे हसले नाहीत. हे स्वयंपाकघरात गेले, आणि मला वाटलं पाणी आणायला गेले. परत आले ते साखरेचा डबा घेऊन. झाकण काढताना ते खाली पडलं, घरंगळत दारापर्यंत गेलं. ह्यांनी चिमूटभर पिठीसाखर घेतली आणि हात रणगाड्याच्या पाठीवर धरला. काही करावं लागलं नाही. हात थरथरत होता, त्या थरथरीनेच साखर सारखी, बारीक, कुठे ढीग न होता पडत गेली. इतके दिवस मी गाळणी आपटत होते, मला असा बर्फ पाडता आला नव्हता.

"काय करतोयस?" गनर म्हणाला.

ह्यांनी त्याचं बोट धरलं आणि पाठीवर टेकवलं. "हा बर्फ आहे. त्या पहाटेचा."

गनरने ते बोट तोंडात घातलं.

"गोड हाय," म्हणाला.

"साखर आहे. हिची अक्कल."

"डायवर, मला आज डोळं न्हाईत म्हनून दावतोस व्हय?"

"दिसत असते तरी दाखवला असता," हे म्हणाले. मग म्हणाले, "नसता दाखवला कदाचित."

गनरने चष्मा काढला. डोळे लाल, पाणावलेले होते, आता ते थेंबांचं पाणी की कसलं, मी ठरवायला गेले नाही. "राग हुता मला," तो म्हणाला. "लग्नाचा न्हाई. लगीन माझ्यावाचून आडलं न्हाई, उलट मेव्हन्यानं माझ्या वाटचे लाडू खाल्ले. पर तू येकदा बी म्हनला न्हाईस. तार न्हाई, चिठ्ठी न्हाई. मी वाट बघून बघून पेरू लावले."

"आज म्हणतोय."

"साखर टाकून न्हाई. तोंडानं म्हन."

हे उभे होते. एरवी उभं राहताना खुर्चीला धरतात, तेव्हा धरलं नव्हतं. "पाळी माझी होती," हे म्हणाले. "तुझी नव्हती."

"मला काय सांगतोस," गनर म्हणाला. "मला म्हाईतच हाय की." आणि त्याने जागा करून ह्यांना शेजारी बसवलं.

मला राहवेना. मी म्हणाले, "भाऊजी, ती रजा माझ्यासाठी होती. आणि मी त्या रजेत काश्मिरी शाल आणली नाही म्हणून रुसून बसले होते."

तो माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे वळला. "सगळे दिवस?"

"सगळे दिवस."

"मंग तर माझी रजा फुकटच गेली की, वहिनी." आणि तो असा हसला की मांडीवरच्या रणगाड्याचा थोडा बर्फ खाली सांडला. "चा टाका आता. बिनसाखरेचा. शुगर हाय मला."

संध्याकाळी तो निघताना मी त्याला म्हणाले, रणगाडा चार दिवस ठेवून जा, मी सगळा गोड बर्फ काढून खडूच्या पुडीचा करून देते, नाहीतर घरी पोचेपर्यंत मुंग्या लागतील. तो ऐकेना. "ह्योच ऱ्हाऊ द्या," म्हणाला, आणि बुटांच्या खोक्यात घालून, मांडीवर धरून एसटीत बसला. हे स्टँडवर गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. काय बोलत होते ते गाड्यांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर घरात सर्र सर्र पावलं कमी झाली, पण माझी बेचैनी गेली नाही. मला सारखं वाटत राहिलं, की मी साखर लावायला नको होती, त्या माणसाच्या घरात मुंग्यांचं वारूळ होईल, आणि शेवटी सगळं माझ्या गाळणीवर येईल. शेवटी मीच पुणतांब्याला फोन लावला आणि विचारलं, भाऊजी, रणगाडा कसा आहे, मुंग्या तर नाहीत ना?

तो म्हणाला, "लागल्यात की वहिनी, लई लागल्यात. बाकीच्या बर्फाला मी हळदीची रेघ मारलीया, तिथं येऊ देत न्हाई. पर इंजिनावरचा त्यास्नी खाऊ देतोय."